सणाचा तास: रंगवणं कमी, बोलणं जास्त

नवी भाषा शिकवायच्या तासाला मुलांसोबत सणाचं शुभेच्छापत्र करायला घेतलं की अर्धा तास रंगवण्यात जातो आणि ती भाषा कुणाच्या तोंडी येतच नाही. म्हणून आधी खोक्याचा खेळ घ्या. ६-७ वर्षांच्या मुलांना सणाच्या ६ वस्तू पुरतात. १० घेतल्या की नावांची सरमिसळ होते. सगळ्या वस्तूंची नावं म्हणवून घ्या, मग एक वस्तू खोक्यात लपवा. एकजण डोकावून उत्तरं देईल, बाकीचे विचारतील: ‘मऊ आहे का?’, ‘लाल आहे का?’ हे प्रश्न फळ्यावर चित्रांसह हवेतच, नाहीतर मुलं लगेच घरच्या भाषेवर येतात. गट चौघांचाच, मोठ्या गटात ठरावीक मुलंच बोलतात. शुभेच्छापत्र शेवटच्या १५ मिनिटांत. रंगपेटी गटाला एकच द्या: रंग हवा तर नव्या भाषेत मागायचा.