ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं काम कुठवर आलं

गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १५० पीएसवाली. एक्सलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप बंद होते आणि टर्बोने दाबलेली हवा (बूस्ट) मागे कोंडते; ती सोडायचं काम ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं. व्हॉल्व्ह बसवून झाला, नळ्या बदलल्या, गळतीची तपासणी झाली. रस्त्यावरचं लॉगिंग, म्हणजे गाडी चालवत आकडे नोंदवणं, बाकी आहे.

हवा बाहेर की परत आत?

या इंजिनात एअर फिल्टरच्या लगेच पुढे मास एअर फ्लो सेन्सर असतो, म्हणजे हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. गिअर बदलताना ती मोजलेली हवा बाहेर सोडली, तरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तिच्या हिशोबाचं पेट्रोल मारतोच. मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त पडतं), गाडी अडखळते, कधी सायलेन्सरमधून काळा धूर येतो. आयडलला उलटा प्रकार: स्प्रिंग हलकी असेल तर मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या) व्हॅक्युमने व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, न मोजलेली हवा आत शिरते आणि आरपीएम वरखाली होत राहतात. म्हणून इथे हवा परत इनटेकमध्ये फिरवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्हच लावायचा. फक्त मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) हवेचा हिशोब करणाऱ्या गाड्यांना रिच होण्याचा त्रास नाही. त्यांनी आवाजाची हौस खुशाल भागवावी.

डिझेलवाले हमखास विचारतात, म्हणून सांगून टाकतो: एक्सलरेटर सोडल्यावर बंद होणारा पेट्रोलसारखा थ्रॉटल डिझेलला नसतो. हवा कोंडतच नाही, त्यामुळे सोडायचीही गरज नाही. विजेवर चालणारे किट मिळतात, पण ते आवाजासाठी कामाचं बूस्ट फुकट घालवतात.

निवड

बॉशचा ७१०एन घेतला. तो डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) आहे, लवकर उघडतो आणि देखभाल मागत नाही. फोर्ज ००७ सारखा पिस्टनचा व्हॉल्व्ह जास्त टिकतो, स्प्रिंगही बदलता येते, पण तो अधूनमधून खोलून साफ करून ग्रीस लावावा लागतो. स्टॉक बूस्टला ७१०एन पुरेसा आहे.

‘बूस्ट वाढवलं की कडक स्प्रिंग’ हा समज पुरता खरा नाही. बूस्टवर असताना व्हॉल्व्हच्या खाली जेवढा दाब असतो, जवळपास तेवढाच मॅनिफोल्डमधून बारीक नळीने वरच्या बाजूलाही येतो. स्प्रिंगला फक्त उरलेला फरक सांभाळायचा असतो. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातली तर थ्रॉटल सोडल्यावर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, हवा कॉम्प्रेसरवरून उलटी फिरते आणि तो ‘तुतुतुतु’ आवाज येतो. अनेकांना तो आवडतो, पण तो कॉम्प्रेसर सर्ज आहे.

व्हॉल्व्ह नवा असो वा जुना, बसवण्याआधी हातात तपासावा. खालच्या तोंडातून बोटाने झडप वर दाबायची, वरच्या निपलवर दुसरं बोट घट्ट धरायचं आणि खालचं बोट काढायचं. डायफ्रॅम चांगला असेल तर झडप वरच थांबते. सावकाश खाली आली तर तो फाटलाय.

नळ्या

निम्म्याहून जास्त तक्रारी व्हॉल्व्हच्या नसून निपलवरच्या बारीक नळीच्या असतात. ४ मिमी आतल्या व्यासाची, जाड भिंतीची सिलिकॉन नळी वापरली. पातळ नळी गरम झाली की व्हॅक्युमने चपटी होते. लांबी शक्य तितकी कमी ठेवावी.

कनेक्शन थ्रॉटलच्या पुढे, थेट मॅनिफोल्डवरून घ्यायचं. ब्रेक बूस्टरच्या नळीवर वन-वे व्हॉल्व्हच्या पलीकडे टी मारली तर व्हॅक्युम अडकून राहतो, बूस्टचा दाब व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला पोचतच नाही आणि डायव्हर्टर गळत राहतो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीतही टी नको. तिथे गळती झाली तर पेट्रोलचा दाब बिघडतो.

कंपनीने या बारीक नळीच्या मध्ये एन२४९ हा सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) दिलेला असतो. तो बायपास करून थेट नळी टाकली. सोलेनॉइडची मोकळी तोंडं बंद केली, वायरिंगचा कनेक्टर मात्र लावलेलाच ठेवला. काढला की चेक इंजिनचा दिवा पेटतो.

मोठ्या नळ्या २५ मिमीच्या. परतीची नळी सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपलाच जोडायची, सेन्सरच्या आधी जोडली तर तीच हवा दोनदा मोजली जाते. या पाइपमध्ये इंजिनची वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते, तिने साधं सिलिकॉन फुगून मऊ पडतं. आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेली नळी घ्यावी. क्लिपही आतून गुळगुळीत पट्टीची हवी, खाचांची क्लिप सिलिकॉन कापते.

गळतीची तपासणी

टर्बोच्या इनटेकला टोपण लावलं, ब्रीदरचं तोंड बंद केलं, रेग्युलेटरमधून ०.७ बार हवा दिली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एका क्लिपपाशी बुडबुडे आले. ती सरकवून पुन्हा आवळली. पण एक लक्षात घ्या: या पद्धतीत डायव्हर्टरच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब असतो, त्यामुळे झडप बसत नसेल तर ते कळत नाही. त्यासाठी परतीची नळी काढून, तिथलं पाइपचं तोंड बंद करून, व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडातून हवा येते का ते पाहावं लागतं.

बाकी काम

व्हीसीडीएसवर (ईसीयूतले आकडे वाचणारं सॉफ्टवेअर) ब्लॉक ०३२ मध्ये फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती दुरुस्ती) आणि ११५ मध्ये मागितलेलं व मिळालेलं बूस्ट पाहायचं. ट्रिम दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर पुन्हा गळती शोधायची. ११५ मधले आकडे ॲब्सोल्यूट मिलिबारमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, असतात. पुण्यात बाहेरचाच दाब साधारण ९४५ असतो, त्यामुळे १५०० दिसले तर बूस्ट ०.५५ बारच्या आसपास. याच कारणाने गेजवर आयडलचा व्हॅक्युम मुंबईपेक्षा पुण्यात सुमारे ०.०६ बार कमी दिसतो. तेवढ्यावरून गळती धरून बसू नये. लॉग तिसऱ्या गिअरमध्ये, २५०० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल देऊन, मोकळ्या रस्त्यावरच घ्यायचे. त्यानंतर इंजिन थंड झालं की सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा तपासायच्या.