एन्रॉन: पैसा परदेशी, जामीन आपला

एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा विषय निघाला की आमच्या चिपळूणकडे अजून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, परदेशी कंपनीने लुटलं. दुसरा म्हणतो, राजकारण्यांनी चांगला प्रकल्प घालवला, नाहीतर गुहागरचं सोनं झालं असतं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. त्यामुळे पैसा कुठून आला यापेक्षा बुडाला तर कुणी भरायचा, हे मी आधी बघतो.

बाहेरच्यांसाठी जागा सांगतो. ‘दाभोळ वीज प्रकल्प’ दाभोळला नाही. दाभोळ वाशिष्ठी खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. इथे कुणी दाभोळ पॉवर म्हणत नाही, कंपनी बुडून दोन तपं झाली तरी ‘एन्रॉन’च.

१९९१मध्ये देशाची तिजोरी रिकामी होती आणि वीज मंडळांकडे नवी केंद्रं उभारायला पैसा नव्हता. वीज क्षेत्र परदेशी भांडवलाला खुलं झालं. जून १९९२मध्ये एन्रॉन आणि राज्य वीज मंडळाचा प्राथमिक करार झाला, डिसेंबर १९९३मध्ये वीज खरेदीचा करार. प्रकल्पाच्या भांडवलात एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांचे दहा-दहा. पहिला टप्पा ७०० मेगावॅटच्या आसपास, दोन्ही मिळून २००० मेगावॅटच्या वर.

मधे एक गोष्ट घडली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९३मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. एवढी महागडी वीज, तीही सतत घेत राहायची, हे मंडळाला परवडणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. आमच्याकडे एखाद्या बँकेने नाकारलेलं प्रकरण दुसऱ्या शाखेत आलं की आम्ही फाइल दोनदा वाचायचो. इथे तसं झालं नाही, कारण फाइलला जामीन भक्कम होता. मंडळाचं पतपत्र (मंडळाने बिल चुकवलं तर बँक भरेल असं पत्र), एस्क्रो खातं (मंडळाची वसुली बिलासाठी राखून ठेवणारं), त्यावर राज्य सरकारची हमी आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्यानेही भरलं नाही तर केंद्र भरणार. माझा अनुभव असा की जामीनदार जितका मोठा, तितका कर्जदाराचा धंदा कमी तपासला जातो. अमेरिकेच्या आणि जपानच्या सरकारी वित्तसंस्था आल्याच. पण आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यासुद्धा मोठ्या रकमा घेऊन उतरल्या. म्हणजे ‘परदेशी गुंतवणूक’ म्हणून जिची मिरवणूक निघाली, तिच्यात आपल्याच ठेवीदारांचा पैसा होता.

करारातला दर दोन भागांत होता. एक भाग जळालेल्या इंधनाचा, दुसरा केंद्र उभं आहे म्हणून द्यायचा स्थिर आकार. खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरावे, मग जेवा नाहीतर जेवू नका, तसं. यात मुळात चूक काही नाही, आजही बहुतेक औष्णिक केंद्रांना असाच आकार मिळतो. पण इथे तो डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास, २००१मध्ये ४७. इंधन नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणारं एक द्रव इंधन, त्याचा भाव कच्च्या तेलामागे धावणारा. रुपया पडला तर मंडळ भरणार, तेल चढलं तर मंडळ भरणार, राज्यात मागणी नसली तरी मंडळच.

मधला तमाशा सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५च्या निवडणुकीत ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’, मग कराराची छाननी करणारी गोपीनाथ मुंडे समिती, ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द, नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेबांना भेटायला आल्या आणि जानेवारी १९९६मध्ये तोच प्रकल्प नव्या करारासह परत. गंमत म्हणजे नव्या करारात दुसरा टप्पाही पक्का होऊन बसला. केंद्राच्या प्रतिहमीवर नव्याने शिक्कामोर्तब झालं ते वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या शेवटी. पुण्याच्या ‘प्रयास’ या वीज क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने आकडे मांडून धोका दाखवला होता. वेलदूरच्या कोळणींनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. आकडे काय आणि लाठ्या काय, हमीपत्रातलं एक कलम हललं नाही.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि वर्षभरात हिशेब उघडा पडला. वीज महाग म्हणून मंडळ कमी घेई. कमी घेतली की तोच स्थिर आकार कमी युनिटांवर पडे, वीज आणखी महाग होई. काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर गेलं. मंडळाची बिलं थकली, एन्रॉनने आधी राज्याची हमी वटवायला काढली, मग केंद्राची. माधव गोडबोले समितीने करारावर कडक ताशेरे ओढले. मे २००१च्या अखेरीस खरेदी थांबली, केंद्र बंद झालं. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली.

पुढची पाच वर्षं ते धूड खाडीच्या तोंडाशी गंजत होतं आणि राज्य भारनियमनात होतं. २००५मध्ये एनटीपीसी आणि गेल या वीज आणि गॅसच्या सरकारी कंपन्या आणि बँकांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आला तोवर बरं चाललं, तो आटला तसं पुन्हा बंद. २०१५च्या शेवटी रेल्वेला वीज देण्यासाठी परत चालू झालं.

माझा भाचा मुंबईत अशा प्रकल्पांत पैसा गुंतवणाऱ्या कंपनीत आहे. तो म्हणाला, “मामा, म्हणजे परदेशी पैसा नकोच ना?” नको कसा? २०१७मध्ये राजस्थानात भादलाच्या सौर लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला, आणि त्याच्या एका पैशाने वर बोली लावून ३०० मेगावॅट घेणाऱ्या कंपनीत जपानच्या सॉफ्टबँकेचा पैसा होता. दर रुपयात, वर्षानुवर्षं तोच. डॉलर वर गेला तर कंपनीने आपलं बघावं, त्याचा खर्च तिने बोलीतच धरायचा. तेलाचा प्रश्नच नाही. वितरण कंपन्या बिलं थकवतात हे दुखणं मात्र तसंच आहे, आणि ते दिसलं की गुंतवणूकदार पुन्हा हमी मागू लागतात. भाच्याला सांगितलं, तुमचा पुढचा प्रस्ताव आला की दर कोणत्या चलनात आहे ते पान आधी काढ आणि हमी कुणाची ते त्याच्या शेजारी ठेवून वाच. कंपनीचं चकचकीत सादरीकरण नंतर बघितलं तरी चालेल.