कार्बन डायसल्फाइडला रामराम: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लॅब टाकली तेव्हा हवेतल्या बेंझिन, टोल्युइन, झायलिन या घातक वाफा मोजायच्या म्हणजे वाफ धरायला कोळशाची नळी आणि ती नळीतून धुऊन काढायला कार्बन डायसल्फाइड, हे ठरलेलंच. 90 अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय पेटणारं, मज्जासंस्थेला घातक असं ते द्रावक आमची पोरं रोज हाताळायची. मला ते कधीच पटलं नाही.

म्हणून कर्ज काढून थर्मल डिझॉर्बर घेतला. टेनॅक्स, म्हणजे वाफ धरणारी पॉलिमरची पूड, भरलेली साडेतीन इंची स्टीलची नळी तापवली की धरलेली वाफ थेट जीसीत, म्हणजे वाफा वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्रात, जाते, द्रावक लागतच नाही. कोळशाच्या पद्धतीत एक मिलिलिटर अर्कातला जेमतेम एक मायक्रोलिटर, म्हणजे हजारावा भाग, यंत्रात जायचा. शिवाय टेनॅक्स ओलावा धरत नाही. आपल्याकडच्या जुलैत त्याचं मोल कळतं. नळी नायट्रोजन सोडून तापवायची, ब्लँक तपासायचा, म्हणजे रिकाम्या नळीत काही उरलंय का ते बघायचं, पुन्हा वापरायची.

नेमकं हेच आमच्यावर उलटवलं. एक लॅबवाले, नाव घेत नाही, गोकुळ शिरगावपासून कागलपर्यंत सांगत फिरले, "ते वापरलेल्याच नळ्या लावतात." जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. हप्ते थकले, बँकेची नोटीस आली, घरातलं सोनं गहाण पडलं. आमच्या ब्लँकचे आलेख बघायला मात्र एकही जण आला नाही.

राहिले ते शिरोलीचे एक फौंड्रीवाले अण्णा. म्हणाले, "दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी लाव, बिल दोन्हीचं दे. एकदा बघूनच टाकू." त्यांच्याकडे नो-बेकचे, म्हणजे न भाजता रेझिननं घट्ट केलेल्या वाळूचे साचे; ओतकाम सुरू झालं की रेझिन जळून बेंझिन सुटतं. तिथले आकडे जुळले. कुंपणापाशी, जिथं हवेच्या 2009 च्या राष्ट्रीय मानकात बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, तिथं कोळशाच्या नळीत काही सापडलं नाही, आमच्या नळीनं आकडा दिला. तो रिपोर्ट अण्णा स्वतः कारखानदारांच्या बैठकीत घेऊन गेले. त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनो, टेनॅक्सवर बेंझिन फार टिकत नाही. जास्त हवा ओढायचा मोह नको, नाहीतर ते नळीतून निसटतं. मागं दुसरी नळी जोडा. तिच्यात बेंझिन उतरलं तर तो नमुना बाद करा, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आणि प्रत्येक नळीच्या नंबराची वही ठेवा.

परवा कळलं, त्या लॅबवाल्यांनीही थर्मल डिझॉर्बर घेतलाय, त्याच नळ्यांसह. तेव्हा जे बोलले, ते अजून मागं घेतलेलं नाही.