चिकटा नसलेले रोप

सिंहगड रस्त्यालगतच्या ज्या रोपवाटिकेत मी काम करतो, तिथे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक बाई हाताच्या तळव्याएवढे, जमिनीलगत चपट्या पानांचे रोप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याच्यावर चिकटा पडला आहे, काहीतरी मारून द्या." आमच्या सहकाऱ्याने निंबोळी अर्काचा पंप उचललाही होता, रोप पाहण्याआधी पंप उचलणे हा आमच्या धंद्यातला जुनाच रोग आहे.

मावा असेल तर त्याने सोडलेला गोड चिकटा खालच्या पानांवर ओघळतो आणि मागोमाग मुंग्या येतात. इथे मुंगी एकही नव्हती. भिंगाखाली प्रत्येक केसाच्या टोकावर स्वतंत्र थेंब, केसांच्या मधे पानाला चिकटून बसलेल्या बिनदेठाच्या ग्रंथी आणि त्यांत अर्धवट विरघळलेली चिलटे दिसली. ते पिंग्विक्युला होते, चिकट पानांवर किडे पकडून पचवणारे कीटकभक्षी रोप; कासच्या पठारावरील 'सीतेची आसवे' या रानफुलाच्याच कुळातले, पण मूळ मेक्सिकोचे. विकणाऱ्याने कुंडीवर 'मिक्स सकुलंट' एवढेच लिहिले होते.

खरा त्रास मुळांशी होता: शेणखत घातलेले कोकोपीट आणि बोअरचे पाणी, ज्याच्या क्षारांची पांढरी कड कुंडीला आली होती. परलाइट, व्हर्मिक्युलाइट ही हलकी फुगीर खनिजे आणि धुतलेली जाड वाळू यांत मी ते बदलून लावले, खत बंद करून फक्त पावसाचे किंवा आरओचे पाणी द्यायला सांगितले आणि हिवाळ्यात पाने लहान, जाड व कोरडी झाली की घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा, असे बजावले. हिवाळ्यातली तीच पाने बुडापासून अलगद काढून ओल्या वाळूवर ठेवली, तर त्यांच्या बुडातून नवी रोपे फुटतात.

बाईंना मात्र पाटीवर नेमके नाव हवे होते. पान उलटून पाहिले, तर खालच्या बाजूलाही ग्रंथी होत्या, म्हणजे पिंग्विक्युलाची जायगँटिया ही जात किंवा तिचा एखादा संकर. परंतु बाजारात संकरांची इतकी सरमिसळ आहे की फुलाशिवाय जात लिहिणे मला मान्य नव्हते. "पिंग्विक्युला, मेक्सिकन, जात अनिश्चित" ही पाटी त्यांना अपुरी वाटली, आणि गिऱ्हाइकाला आत्मविश्वासाने सांगितलेले चुकीचे नावही चालते, हे मला पुन्हा कळले.

परवा त्यांनी फुलाचा समोरून काढलेला फोटो पाठवला. जात ओळखायला फुलामागची निमुळती नळी दिसेल असा बाजूचा फोटो मी मागितला, तेव्हा फूल सकाळीच देवाला वाहिल्याचे उत्तर आले. निर्माल्य अजून टाकले नसेल तर ते कागदात ठेवून घेऊन या, असे मी कळवले आहे.