ऋणापाशी अडले

रविवार, रात्री

झोप येत नाहीये. सकाळचं डोक्यातून जात नाही.

तसं काय झालं? काहीच नाही. उपासनेत पादरीसाहेब म्हणाले, आज प्रभूची प्रार्थना बहन मराठीत म्हणतील. दोष माझाच. मागच्या रविवारी आंटींनी पोह्यांची बशी हातात देताना सहज विचारलं होतं, "बेटा, तुम्हारे यहाँ कैसे बोलते हैं?" आणि मी सुटले. तुमची रोटी, आमची भाकर. तुमचे अपराध, आमचं ऋण. तुमचा मसीह, आमचा ख्रिस्त. भोगा आता.

अकरा वर्षं झाली इंदुरात. अकरा वर्षं माझं एकच रडगाणं, हिंदीत प्रार्थना लागत नाही. ओठ म्हणतात, आत काही हलत नाही. माहेरी पेटीवर अभंगाची चाल धरली की डोळे आपसूक मिटायचे. इथं माणसं लाख चांगली, बाकावर सरकून जागा देतात, गीताचं पान काढून पुढे धरतात. तरी मी आपली पाहुणी. तोराही होताच मनात. नगरला अमेरिकन मिशन १८३१ चं, इथं कॅनडावाले आले १८७७ ला. म्हणजे मी ४६ वर्षांनी थोरली! (आता नगरचंच अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई चौंडीची, म्हणजे आमच्याकडचीच. तिनं माळव्यात येऊन एवढं माहेर-माहेर केलं नसेल.)

तर उभी राहिले. भाकरीपर्यंत गाडी झकास. पुढे ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’... आणि सगळं कोरं. आईनं भाकरी थापता थापता पाठ करून घेतलेली प्रार्थना. परातीवरच्या थापांचा ठेका आठवत होता, शब्द नाही. ऋण्यांस काय? दादाचा चेहरा समोर आला. नको तो विषय.

तोंडातून निघालं, "आमचे अपराध." ना धड मराठी, ना हिंदी. आंटींनी हळूच हिंदीत पुढचं उचललं, मग सगळ्यांनी. त्यांच्या मागून मीही आमेनपर्यंत गेले. हिंदीत. एकदाही न अडखळता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान घरी येऊन रुसता आलं असतं.

भांडी घासताना हिशेब मांडला. चर्चबाहेर, एकटीनं, शेवटची प्रार्थना कधी केली होती? आई दवाखान्यात होती तेव्हा. त्यानंतर केलीच नाही, आणि का नाही ते मला ठाऊक आहे. मराठी गंजून पडली होती आणि मी अकरा वर्षं बिचाऱ्या हिंदीच्या नावानं बोटं मोडत होते. कसली थोरली अन् कसलं काय.

मघाशी स्वयंपाकघरातला दिवा मालवून ओट्याला टेकून पुन्हा म्हणून पाहिली. शब्द आठवले सगळे, ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’. तरी जीभ ऋण्यांपाशीच थबकली. चला, म्हणजे भाषेची भानगड नाही एवढं तरी कळलं.

आंटींचा मेसेज आलाय, पुढच्या रविवारी परत म्हणशील ना? हो लिहिलं. शिवाय पोहे मी करून आणते म्हटलं, नगरसारखे, ओलं खोबरं घालून, तुमच्या इंदुरी जिरावण मसाल्याशिवाय आणि शेवेशिवाय.

त्यावर लालबुंद रागावलेला चेहरा आलाय.