भारताचा सर्वकालीन वनडे संघ: चेंडूचा नियम बदलला आणि झहीर परत आला

मागच्या नोंदीत आम्ही भारताचा सर्वकालीन वनडे संघ निवडला होता; त्या अकरांपैकी दहा जण जागेवर आहेत. बदल एकच: मोहम्मद शमी बारावा, झहीर खान अकरात. कारण दोघांच्या आकड्यांत नाही, नियमपुस्तकात आहे. सर्वकालीन संघ निवडणारे बहुतेक जण सामना कुठल्या नियमांनी खेळायचा हे ठरवतच नाहीत आणि मग झहीर की शमी यावर रात्र काढतात. आधी नियम ठरवा, मग माणसं. आम्ही सामना नेहमी चालू नियमांनीच धरतो, त्यामुळे नियम हलला की यादीही हलते.

जुलै २०२५ पासून वनडेत पहिली ३४ षटकं दोन टोकांनी दोन चेंडू आणि ३५व्या षटकापासून त्यातलाच एक, गोलंदाजी करणाऱ्या संघाने निवडलेला. म्हणजे ३४ षटकं संपताना प्रत्येक चेंडू १७ षटकं जुना. ४१वं षटक सुरू होताना हातातला चेंडू २३ षटकांचा असतो; ऑक्टोबर २०११ पासून चाललेल्या दोन चेंडूंच्या पद्धतीत तो २० षटकांचा असायचा. इथे फरक किरकोळ. पण शेवटचं षटक टाकायला घेताना नव्या पद्धतीत चेंडू ३२ षटकं जुना, आधीच्या पद्धतीत २४. रिव्हर्स स्विंगचा (जुना, एका बाजूने खरखरीत झालेला चेंडू हवेत उलट्या दिशेने वळवण्याचा) सगळा खेळ या आठ षटकांत आहे.

झहीर २००० ते २०१२ खेळला, म्हणजे जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच चेंडूच्या जमान्यात. शमीचं पदार्पण जानेवारी २०१३ मधलं, म्हणजे त्याची गोलंदाजी पूर्णपणे दोन चेंडूंची. झहीरची इकॉनॉमी (षटकामागे दिलेल्या धावा) ४.९३ आणि शमीची साडेपाचच्या आसपास, ही तुलना थेट करण्यात अर्थ नाही. जुना चेंडू झहीरच्या हातात काय करायचा ते पाहायचं तर २७ फेब्रुवारी २०११, बंगळुरू. ३३९ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना इंग्लंड दोन बाद २८१, स्ट्रॉस दीडशेच्या पुढे. ४३व्या षटकात झहीरने बेल आणि स्ट्रॉसला लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं, आणि स्वतःच्या पुढच्याच षटकात कॉलिंगवूडला. सामना टाय. त्या विश्वचषकात झहीरच्या २१ विकेट होत्या, शाहिद आफ्रिदीसोबत सर्वाधिक. शमीच्या २०२३ मधल्या सात सामन्यांतल्या २४ विकेट आणि उपांत्य सामन्यातले ५७ धावांत ७ बळी कुणी विसरलेलं नाही. पण त्याचं मोठं बळ सरळ शिवणीवर पडणारा नवा चेंडू, आणि नव्या चेंडूचं काम करायला बुमराह आहेच. डावखुऱ्याचा कोनही मिळतो. झहीरच्या गावच्या श्रीरामपूरकरांनी यात आमचा पक्षपात शोधू नये.

आता ज्या आकड्यांच्या तक्त्यावरून आम्ही संघ निवडतो त्याविषयी, कारण त्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत.

पहिली गाळणी: फलंदाजाचे किमान १०० डाव, गोलंदाजाने किमान ७५ डावांत गोलंदाजी केलेली. यामुळे मोहिंदर अमरनाथ (८५ सामने) बाहेर जातो आणि तूर्त शुभमन गिलही. वाईट वाटतं, पण चाळणीला अपवाद केले की चाळणी उरत नाही. गावसकर १०२ डावांवर जेमतेम आत येतो. १०८ सामने, एकच शतक, तेही कारकीर्दीच्या अगदी शेवटी: १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३. पण ६२ च्या स्ट्राइक रेटने (शंभर चेंडूंमागे धावा) सलामीचं दार उघडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा उतरवताना संघाचा रकाना तपासा. संकेतस्थळांवरच्या एकूण बेरजेत आशिया इलेव्हनसारख्या (अनेक देशांतले खेळाडू एकत्र करून बनवलेल्या) संघांचे सामनेही धरलेले असतात. झहीरच्या २८२ विकेटपैकी भारतासाठीच्या २६९, कुंबळेच्या ३३७ पैकी ३३४. सेहवागच्या एकूण धावा ८२७३, पण भारतासाठी ७९९५. धोनीच्या १०,७७३ तिथे १०,५९९ होतात. सरासरीला फारसा धक्का लागत नाही, पण राष्ट्रीय संघाच्या तक्त्यात परके सामने कशाला?

तिसरी आणि सगळ्यात कटकटीची पायरी: काळानुरूप दुरुस्ती. प्रत्येक खेळाडूच्या काळातला वनडेचा सर्वसाधारण धावांचा वेग काढायचा, त्याला ६ ने भागून १०० ने गुणायचं आणि खेळाडूचा स्ट्राइक रेट त्याने भागायचा. कपिलच्या काळासाठी आम्ही षटकाला ४.४ धरतो, म्हणजे पायाभूत रेट ७३.३. कपिलचा ९५.०७; गुणोत्तर १.३०. सेहवागसाठी ५.० धरला तर पाया ८३.३ आणि त्याचा १०४.३३ म्हणजे १.२५. म्हणजे आपल्या काळाच्या तुलनेत कपिल सेहवागपेक्षाही वेगवान होता. नुसता स्ट्राइक रेट उतरत्या क्रमाने लावला तर हे कधीच दिसत नाही. गोलंदाजीलाही तीच रीत, फक्त उलटी: कपिलची ३.७१ ची इकॉनॉमी आजच्या साधारण ५.३ च्या वेगात बसवली की ४.४७ येते. २५३ विकेट काढणारा, षटकाला साडेचारच्या आत धावा देणारा आणि सातव्या क्रमांकावर येऊन झोडपणारा गोलंदाज दुसरा नाही, त्यामुळे कपिलच्या जागेवर चर्चा नको.

या पायरीत चुकतं कुठे? एक, अवांतर धावा. सामन्याच्या वेगात त्या असतात, फलंदाजाच्या खात्यात नसतात. वजा करायच्या तर सगळ्यांच्या करा, नाहीतर कुणाच्याच नको. दोन, संघसहकाऱ्यांशी तुलना करताना त्या खेळाडूच्या स्वतःच्या धावा सरासरीतून वगळा. १९९८ मध्ये सचिनने एकट्याने १८९४ धावा आणि ९ शतकं केली. त्याला संघाच्या सरासरीत ठेवून त्याच सरासरीशी त्याची तुलना केली तर तो स्वतःशीच हरतो. तीन, १९८३ पर्यंतचे इंग्लंडमधले विश्वचषक ६० षटकांचे होते आणि एका गोलंदाजाला १२ षटकं मिळायची. तिथली ‘सामन्यामागे विकेट’ आजच्या १० षटकांशी लावू नका. १९८३ च्या विश्वचषकातली कपिलची टनब्रिज वेल्सची नाबाद १७५ याच हिशेबात वाचायची: ६० षटकांत भारत ८ बाद २६६, म्हणजे षटकाला ४.४३, आणि त्यातल्या जवळपास ६६ टक्के धावा एकट्या कपिलच्या, १३८ चेंडूंत. पाच बाद १७ वरून.

चौथी पायरी, फलंदाजीचा क्रमांक. कारकिर्दीची सरासरी नको, त्या क्रमांकावरची पाहा. सचिनची एकूण सरासरी ४४.८३, सलामीला ४८.२९ (१५,३१० धावा, ४५ शतकं). मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला पहिल्यांदा सलामीला येऊन ४९ चेंडूंत ८२ केल्या, तिथून हा रकाना सुरू होतो. रोहितचं तर दोन वेगळ्या माणसांसारखं आहे. २०१३ च्या आधी मधल्या फळीत धडपडणारा, नंतर सलामीला तीन द्विशतकं ठोकणारा. म्हणून सचिनचा जोडीदार रोहित. गांगुली–सचिन जोडीच्या सलामीच्या ६६०९ धावा हा तगडा युक्तिवाद आहे, पण रोहितने २०२३ च्या विश्वचषकात १२५ च्या वर स्ट्राइक रेटने ५९७ केल्या. पहिल्या दहा षटकांत आज लागतं ते हेच. तिसरा कोहली. पुढे जाऊ.

चौथ्या क्रमांकावर अझरुद्दीन की द्रविड, इथे मतं फुटलेली राहणार. अझरचा ७४ आणि द्रविडचा ७१ चा स्ट्राइक रेट जवळचे दिसतात, पण द्रविड वेगवान काळात खेळला, त्यामुळे दुरुस्तीनंतर अंतर वाढतं. शिवाय अझरचे १५६ झेल आणि पॉइंटवरची फेक. १९८८ मध्ये बडोद्याला ६२ चेंडूंत शतक करणारा माणूस गरज पडली तर गिअर बदलू शकतो. पाचवा युवराज: २०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा आणि १५ विकेट, म्हणजे सहावा गोलंदाजही मिळाला. सहावा धोनी, कर्णधार आणि यष्टिरक्षक. त्याच्या ५०.५७ च्या सरासरीत ८४ वेळा नाबाद राहण्याचा हात आहे; डावामागे धावा काढल्या तर ३६ च उरतात. मात्र सहाव्या क्रमांकाला चेंडूच कमी मिळतात, त्यामुळे डावामागचा आकडा त्याच्यावर अन्याय करतो. खालच्या फळीसाठी मिळालेले चेंडू हाच पाया घ्या.

आठव्या जागेसाठी जडेजा आणि हरभजन. हरभजनची ४.३१ ची इकॉनॉमी मोहक आहे, पण ३४ षटकं दोन कडक चेंडू असताना बोटाने फिरवणाऱ्याला पकड मिळत नाही, आणि जडेजाने त्याच परिस्थितीत कारकीर्द काढली. वर फलंदाजी: २०१९ च्या उपांत्य सामन्यात मँचेस्टरला ५९ चेंडूंत ७७. जडेजा. नववा कुंबळे, कारण त्याला चेंडूच्या फिरकीपेक्षा उसळी आणि वेग लागतो, आणि ते कडक चेंडूतून जास्तच मिळतं. कुलदीप यादववाल्यांनी वाट पाहावी.

संघ कागदावर बसतो का याची चाचणी म्हणजे ५० षटकं वाटून पाहणं. पहिली ९: झहीर ५, बुमराह ४. १० ते ३४ ही २५ षटकं: कपिल, कुंबळे, जडेजा प्रत्येकी ८, आणि जोडी जमली असेल ती फोडायला बुमराहचं १. ३५ ते ४० मध्ये कपिल, कुंबळे, जडेजा प्रत्येकी २. याच सहा षटकांत एक बाजू चमकवून दुसरी खरखरीत ठेवायची. ४१ ते ५०: एका टोकाने झहीर, दुसऱ्याने बुमराह, पाच-पाच. सगळ्यांची दहा भरतात, आणि कुणी मार खाल्ला तर युवराज आणि सचिन मोकळे आहेत.

पंधरा करायचे तर शमी, सेहवाग, कुलदीप आणि दुसरा यष्टिरक्षक म्हणून द्रविड. पुढचं काम पाठलागाच्या डावांना वेगळं वजन देण्याचं. जुन्या सामन्यांचे चेंडूगणिक तपशील नसल्याने तिथे लक्ष्य, बाद झालेलं षटक आणि उरलेल्या विकेट एवढ्यावरच सूत्र बसवावं लागेल. कुणाकडे १९९० च्या दशकातल्या धावफलकांवर विकेट पडल्याची षटकं नोंदलेली असतील तर ती आधी लागतील.