१४५६ कॅलरींची भाकरी

चाचणीच्या पहिल्याच प्रश्नाला आमच्या एआय एजंटने, म्हणजे आहाराबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमने, ठणकावून सांगितलं की दोन बाजरीच्या भाकरींत, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पिठात, १४५६ कॅलरी असतात. आहारतज्ज्ञ मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा एकदा स्क्रीन पाहिली आणि म्हणाल्या, "मग आमच्या नगरकडची माणसं एव्हाना फुटायला हवी होती."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. चूक कुठली असणार याचा अंदाज आला होता, आणि ती माझीच होती.

मी टेक्निकल रायटर. आधी पंपांची मॅन्युअलं लिहिली, मग सॉफ्टवेअरची. या कामात मात्र वाचणारा माणूस नव्हता. अन्नपदार्थांचे डेटाबेस शोधून देणारं एक टूल होतं आणि ते वापरणार होता एआय एजंट. टूल कधी बोलवायचं, त्याला काय विचारायचं, हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ काय, हे एजंट ठरवतो ते टूलला जोडलेल्या वर्णनावरून. ते मी लिहिलं होतं. मूळ इंग्रजीत, पण आशय एवढाच: अन्नपदार्थ शोधून त्याची पोषणमूल्यं देतो. आटोपशीर वाक्य म्हणून मला ते आवडलंही होतं.

टूलच्या पोटात तीन साठे होते. एक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची भारतीय अन्नघटक कोष्टकं, ५२८ पदार्थांची. दुसरा अमेरिकेच्या कृषी खात्याचा 'फूडडेटा सेंट्रल'. आणि पाकीटबंद मालासाठी 'ओपन फूड फॅक्ट्स', ज्यात जगभरातले हौशी लोक लेबलांचे फोटो काढून माहिती भरतात. हैदराबादच्या कोष्टकांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. १०० ग्रॅम बाजरीला १४५६ किलोज्यूल. ४.१८४ने भागलं की ३४८ किलोकॅलरी, ज्याला आपण बोलताना सरळ कॅलरीच म्हणतो (तो घोळ आणखी निराळा). आमचं टूल मात्र नुसतं 'ऊर्जा: १४५६' एवढंच परत देत होतं. एकक नोंदीत नव्हतं, माझ्या वर्णनातही नव्हतं. प्रश्न कॅलरींचा होता, म्हणून एजंटने आकड्यापुढे 'कॅलरी' लावून टाकलं.

पंपाच्या एका मॅन्युअलमध्ये मी बोल्टचं माप चुकवलं होतं, तेव्हा एका फिटरने फोन करून माझी यथेच्छ पूजा बांधली होती. एजंट फोन करत नाही. वाक्यात भोक सापडलं की तो ते आपल्या अंदाजाने बुजवतो, आणि वरून असा गिलावा करतो की भोक होतं हे कळतही नाही.

मग डेव्हलपर आणि मी जुन्या चाचण्यांची उत्तरं उकरत बसलो. वरणाबद्दल विचारलं तर कच्च्या तूरडाळीचे आकडे, पाण्याचा पत्ताच नाही. एके ठिकाणी बाजरी म्हणून अमेरिकी साठ्यातलं 'मिलेट' उचललेलं, ते मुळात दुसरंच भरड धान्य. शोधाच्या यादीत जे पहिलं, तेच खरं, असा त्याचा खाक्या. तेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणूनच.

दुपारी सूप सापडलं.

मॅडमनी प्रश्न लिहिला होता: वडिलांना किडनीचा त्रास आहे, पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, टोमॅटो सूपचं हे पाकीट चालेल का? एजंटचं उत्तर: यात पोटॅशियम शून्य मिलिग्रॅम आहे, चालेल. हे उत्तर आदल्या आठवड्यात आमच्या तपासणीतून बिनबोभाट पास झालं होतं. साध्या कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅमला सुमारे २३७ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं.

"शून्य आलं कुठून?" मी विचारलं.

"अगं, लेबलवर पोटॅशियम नव्हतंच," डेव्हलपर म्हणाला. "बेरीज करताना कोड अडायला नको म्हणून रिकाम्या जागी मी शून्य भरतो."

आपल्याकडे पाकिटावर सोडियम छापावं लागतं, पोटॅशियमची सक्ती नाही. छापलेलं नाही, म्हणून भरलेलं नाही, म्हणून शून्य, म्हणून चालेल. मॅडम या वेळी काहीच बोलल्या नाहीत. भाकरीचा आकडा शेंबड्या पोरालाही खटकला असता. हे शून्य आम्हा तिघांच्या डोळ्यांखालून गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत माझं एक वाक्य दीड पान झालं. सगळे आकडे खाण्यायोग्य भागाच्या १०० ग्रॅमला. प्रत्येक आकड्याला एकक. कच्चं की शिजवलेलं, हे नोंदीतून वाचून उत्तरात सांगावं. रिकामी जागा म्हणजे 'माहिती नाही'; तिचा अर्थ शून्य घेऊ नये, आणि प्रश्न आजारपणाचा असेल तर हे आधी सांगावं. डेव्हलपरने कोडमधली शून्यं काढली. बेरीज तीन ठिकाणी अडली, ती त्याने कुरकुरत दुरुस्त केली.

अडलं ते वाटीवर. एक वाटी वरण म्हणजे किती ग्रॅम? मॅडमनी डब्यातली वाटी धुऊन आणली, पाणी भरून कँटीनच्या काट्यावर ठेवली: १४० ग्रॅम. डेव्हलपरची निघाली २१०. माझ्याकडे वाटीच नव्हती, मी पोळीभाजी आणते. सरासरी काढून मोकळं व्हावं असं त्याचं मत पडलं. मी ऐकलं नाही आणि शेवटची ओळ घातली: वाटीचं माप दिलेलं नसेल तर विचारावं.

साडेसातला पुन्हा चाचणी लावली. भाकरी ३४८वर आली. सुपाला उत्तर आलं की पोटॅशियमची नोंद नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. वरणापाशी एजंट थांबला आणि त्याने विचारलं, "तुमची वाटी साधारण किती मिलिलिटरची आहे?"

"आता आली का पंचाईत," मॅडम म्हणाल्या, "हे कुठल्या पेशंटला सांगता येतं?"